गॅलरीतली माती

४ मार्च, मंगळवार

आज पिंपळपार तालमीत पहिल्यांदा आत गेले. वयाच्या सेहेचाळिसाव्या वर्षी. ज्या गल्लीत जन्मले त्या गल्लीच्या तोंडाशी असलेली इमारत, आणि तिचा उंबरा आज ओलांडला. लहानपणी आम्ही मुली या दारावरून जाताना पावलं उचलायचो. आतून शड्डू ठोकल्याचा आवाज यायचा, तेलाचा आणि ओल्या मातीचा वास यायचा. तालीम म्हणजे एवढंच.

काम दादाने मिळवून दिलं, हे नाकारण्यात अर्थ नाही. विजयसिंहदादा तालीम मंडळाचा उपाध्यक्ष. इमारत शंभरीच्या पुढची, तिचं जतन करायचं ठरलं तेव्हा तो सभेत म्हणाला म्हणे, "भायेरचा इंजिनेर कशाला? आमची संयोगिता हाय की." इतकी वर्षं या शहरात स्ट्रक्चरल इंजिनिअर म्हणून काम करते आहे, पण दादाची बहीण नसते तर हे काम मिळालं असतं का? बहुतेक नाही. म्हणून ते जास्त चोख झालं पाहिजे.

वस्ताद आण्णा दारातच खुर्ची टाकून बसले होते. ऐंशी ओलांडली, गुडघे गेले, कान मात्र शाबूत. मी बसाप्पा सुताराला अगदी हळू विचारलं, "हौद्यापाशी गेलेलं चालेल का?" तर आण्णा पाठमोरेच म्हणाले, "हौद्यात पाय नगं. बाकी समदं बघ. मारुतीच्या मागंबी बघ. तुझ्या आज्जानं ह्याच मातीत दोन दात पाडून घेतल्यात."

कुस्तीच्या हौद्यातली माती लाल, मऊ. ताक, लिंबू, हळद, तेल घालून मळलेली. मी काठावरूनच पाहिली.

७ मार्च, शुक्रवार

आज गॅलरी. नकाशात तिचं नाव सज्जा, पण पेठेत सगळे गॅलरीच म्हणतात. पहिल्या मजल्यावर, रस्त्याच्या अंगाला, भिंतीतून बाहेर काढलेल्या सागवानी तुळयांवर तोललेली. खालून एकही खांब नाही. वर जायला आतून एकच लाकडी जिना.

हिच्यासाठीच तर सगळं. आमच्या शहरात तालमींचे फुटबॉल संघ असतात, कुस्तीइतकाच त्यांचाही नाद. फुटबॉलच्या मोसमातली मोठी फायनल तालमीच्या संघाने जिंकली, की मिरवणूक इथे येते. अख्खा संघ आणि मावतील तेवढे लोक गॅलरीत चढतात, वस्ताद चषक उंच धरतात, गुलालाने रस्ता दिसेनासा होतो. आम्ही बायका समोरच्या गच्चीवरून बघायचो. गेली कित्येक वर्षं संघ जिंकलेला नाही. यंदा पोरं चांगली खेळतायत, असं जो तो सांगतो. कप्तान पृथ्वीराज, दादाचा मुलगा.

एक गोष्ट खटकली. कठडा माझ्या गुडघ्याच्याही खाली येतो. इतका ठेंगणा कठडा कोण बांधेल? आण्णांना विचारलं.

"जुनी मानसं बुटकी हुती," म्हणाले.

बसाप्पा हसला. मीही हसले. घरी येताना बावड्याच्या रस्त्याला लागल्यावर डोक्यात आलं, पैलवान बुटके कसे असतील?

बाहेर फ्लेक्स लागलाय. 'वारसा जतन शुभारंभ.' मंडळाचे अध्यक्ष, दादा, आण्णा, संघ, आणि खालच्या कोपऱ्यात मी. 'आमची भगिनी, इंजि. संयोगिताताई.' फोटो कुणाच्या तरी लग्नातला. असल्या गोष्टींचं मला काही नाही. फक्त तो गॅलरीच्या कठड्यालाच बांधलाय, तेवढा सोडायला सांगितला पाहिजे. वारा भरतो.

११ मार्च, मंगळवार

कठडा ठेंगणा नाही. जमीन वर आली आहे.

जाजम उचललं आणि सारवलेली जमीन एका कोपऱ्यात उकरायला लावली. विताएवढ्या मातीखाली फळी लागेल असा अंदाज होता. लागली नाही. माती, तिच्याखाली माती, तिच्याखाली पुन्हा माती. चपात्यांची चळत ठेवावी तसे थर, तेलकट, घट्ट चोपून बसवलेले. शेवटी हात कोपरापर्यंत आत गेला तेव्हा बोटांना लाकूड लागलं. हात बाहेर काढल्यावर वास ओळखीचा वाटला. हौद्याचा.

खाली येऊन आण्णांना विचारलं, "हौद्यातली जुनी माती तुम्ही बदलता, ती जाते कुठं?"

"जातीय कुठं? वर."

"गॅलरीत?"

"मग काय रस्त्यावर टाकायची? लोकांच्या पायदळी? माझ्या वस्तादाच्या वस्तादानं घालून दिलंय. नवी माती आली की जुनी वर न्हेऊन बसवायची. उन्हाळ्यात गार लागती."

म्हणजे या तुळया कित्येक वर्षं एक न दिसणारा जमाव डोक्यावर घेऊन उभ्या आहेत. आणि ती माती कोरडी नाही. ताक, तेल, मीठ, घाम. बाहेरून पूर्वी कधीतरी सिमेंटचा गिलावा मारलाय, त्यामुळे ओल भिंतीतून बाहेर पडायलाही वाट नाही. एका तुळईपाशी गिलाव्याचा पोपडा पडला आहे. ती भिंतीत शिरते तिथे स्क्रू ड्रायव्हर टोचला. पिकल्या पेरूत जावा तसा मुठीपर्यंत गेला.

बाकीच्या तुळया गिलाव्याआड आहेत. त्या ठणठणीत असतील. नसतीलही. बघायच्या तर गिलावा फोडायला हवा, आणि वर एवढं ओझं असताना मी तिथे हातोडा लावू देणार नाही.

बसाप्पा म्हणाला, "अक्का, एक कुजली म्हून काय झालं? साग हाय. सागाला काय हुत न्हाय." जी कुजली तीही सागाचीच आहे, हे मी त्याला म्हटलं. तो म्हणाला, "ती येगळी."

१२ मार्च, बुधवार

आण्णांशी बोलले.

"माती उतरवायला लागेल."

"उतरवूया की. फायनल झाल्यावर."

"तोवर थांबू नये असं मला वाटतं."

"पोरी, मोसम चालू असताना माती हलवत न्हाईत. आजवर कुनी हलवली न्हाय. माझ्या वस्तादाचा घाम हाय तीत. फायनल हू दे, मग पालखीत घालून वाजतगाजत पंचगंगेला न्हिऊ. ट्रकात भरून खणीत वताया ती काय डबर हाय?"

"आणि जिंकलात तर? वर किती माणसं चढतील?"

"चढतील तेवढी चढतील. नाद खुळा हाय पेठेचा."

मी गप्प बसले. का? त्यांच्या वयाचा मान म्हणून, असं स्वतःला सांगितलं. हौद्यापाशी उभी राहून आण्णांशी वाद घालणारी पहिली बाई व्हायचं नव्हतं, हेही त्यात असेल.

१७ मार्च, सोमवार

यांचं म्हणणं सरळ आहे. उदयसिंह कॉलेजात कॉमर्स शिकवतात, त्यांना प्रत्येक गोष्ट कागदावर लागते. "लेखी दे. इमारत धोकादायक आहे असं लिही, सही कर, मोकळी हो."

मोकळी मी होईन. तालीम राहणार नाही. एकदा 'धोकादायक' हा शब्द चिकटला की जुनी इमारत दुरुस्त होत नाही, उतरवली जाते. समोरच्या कोपऱ्यावर धर्मशाळा होती, तिचं असंच झालं. आता तिथे काचेचं कॉम्प्लेक्स आहे, खाली मोबाइलची दुकानं. त्याच बिल्डरचा माणूस आमच्या साइटवर दोनदा चहा प्यायला येऊन गेला. "मॅडम, रिपोर्ट काय म्हणतो?" असं हसत हसत विचारतो.

तेव्हा लिहिलं तर इमारत जाते, आणि नाही लिहिलं तर कदाचित माणसं. यातलं 'कदाचित' किती मोठं आहे, हे मी शिकलेल्या कुठल्याच सूत्रात बसत नाही. एकच तुळई मी पाहिली आहे.

मधला मार्ग: खालून लोखंडी टेकू. फायनलपर्यंत गॅलरी टेकूंवर राहील, नंतर माती उतरवू. दादाला पटलं. "बघ, हुतंय की समदं. उगं टेन्शन घेतीस तू."

२० मार्च, गुरुवार

काल रंगपंचमी. गॅलरीत कुणी चढलं नाही ना, एवढंच बघायला पेठेत गेले. दोघं होते. हाका मारून उतरवले. त्यांनी जाताना माझ्यावर रंग टाकला.

२६ मार्च, बुधवार

टेकू लागले. गॅलरीखाली ओळीने उभे आहेत, रस्त्याच्या कडेला. आज बऱ्याच दिवसांनी नीट जेवले.

मंडळाची बैठकही झाली. मी सांगितलं, फायनल जिंकलात तरी वर फक्त संघ, आणि तोही नाचायचं नाही. दादा म्हणाला, "संघ, मंडळाचे पदाधिकारी आणि आण्णा. बास?" मी मान डोलावली. टेकू असताना एवढं चालेल, हिशेबात बसतं. पण मी हिशेब करून मान डोलावली, की सगळे माझ्याकडे बघत होते म्हणून? अध्यक्ष शेवटी म्हणाले, "ताई आपल्याच हायत, आपल्या विरुद्ध कशाला जातील?" टाळ्या झाल्या. खोलीत उकडत होतं.

फ्लेक्स अजून कठड्यालाच आहे. सोडायला सांगायचं राहून जातं.

३१ मार्च, सोमवार

काल पाडव्याला माहेरी. पृथ्वीराज जेवायला बसला तो दोन्ही पायांना पट्ट्या बांधून. सेमीफायनल त्याच्या गोलवर जिंकली. वहिनी त्याला श्रीखंड वाढत होती आणि दादा तिसऱ्यांदा तो गोल सांगत होता, वाटीचा गोलपोस्ट करून.

पृथ्वी म्हणाला, "आत्ती, तू फायनलला समोरच्या गच्चीवर थांब. चषक उचलला की पहिल्यांदा तुझ्याकडं दाखवतो."

"तू वर मध्यभागी उभा राहू नकोस," मी म्हटलं.

"कप्तान मग कुठं उभा ऱ्हाणार? बाथरूमात?"

सगळे हसले. गॅलरीचा मधला भाग, तिथेच ती तुळई आहे.

१३ एप्रिल, रविवार

काल जोतिबाची यात्रा, म्हणून दोन दिवस कामाला सुट्टी दिली होती. आज दुपारी सहज चक्कर मारली. टेकू नाहीत.

एकही नाही. खाली स्वागत कमानीचे बांबू रोवायला खड्डे घेतलेत. टेकू मागच्या परसात नीट रचून ठेवलेले, जणू काही माझ्यावर उपकार. मंडळाच्या पोरांनी सांगितलं, मिरवणुकीतली साउंडची गाडी टेकूंमुळे वळत नव्हती. "ताई, मोजून बघितलं आमी. बसत न्हाय. फायनल झाली की हुबं करूया परत."

फायनल झाल्यावर टेकू कशाला, हे त्यांना विचारलं. त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. वाईट पोरं नाहीत ती.

१६ एप्रिल, बुधवार

दादाशी भांडले. लग्नानंतर पहिल्यांदा.

"गॅलरी बंद ठेव," म्हटलं. "कुलूप लावते."

"लाव. तोडतील."

"मग साउंडची गाडी आणू नका."

"संयू, किती वर्सांनी फायनलला आलोय आपण, आणि समोर बुरूज तालीम. हे काय वाढदिवसाचं फंक्शन हाय? शंभर वर्सं हुबी हाय ती गॅलरी. दहा मिनिटं पोरं वर चढली तर काय हुतंय?"

"मला काय होतंय ते माहीत नाही, म्हणून तर सांगते आहे."

"म्हायती न्हाय, तरी बंद कर म्हंतीस!" तो एकदम मोठ्याने हसला, आणि मग हसायचा थांबला. "तुला काम दिलं म्हून मंडळात माझ्याकडं काय काय बोलत्यात, ठाऊक हाय का? म्हंत्यात, बाईमानसाला भ्या वाटतंय."

त्याचं एक म्हणणं खरं आहे. मला माहीत नाही. डॉक्टर निदान तपासणी करून बोलतो. मी एका तुळईवरून नऊंविषयी बोलते आहे. हा अनुभव आहे की भीती, हे कसं ओळखायचं? पूर्वी दुसऱ्या कुणाच्या इमारतीत मी इतका विचार केला नसता, सरळ बंद केली असती. मग इथेच का नाही केली?

१९ एप्रिल, शनिवार

जिना.

गॅलरीला टेकू नाहीत, कुलूप टिकणार नाही, कागद लिहिता येत नाही. पण वर जायला जिना एकच आहे, आणि तो दुरुस्तीच्या यादीत आहेच. दुरुस्तीला काढला तर मी खोटं काही करत नाही. उद्याच काढला, एवढंच.

हे स्वतःला पटवणं आहे, ते मला कळतं.

२० एप्रिल, रविवार, दुपार

सामना चारला. पेठ रिकामी होत आली असेल. बसाप्पाला फोन केला आहे. काय काढायचं ते सांगितलं नाही.

२१ एप्रिल, सोमवार, सकाळ

काल घडलं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मी माझ्या सोयीने आठवेन.

गल्लीत शुकशुकाट होता. दुकानंसुद्धा बंद. तालमीत फक्त आण्णा. फायनल ते कधीच बघायला जात नाहीत. मारुतीसमोर मांडी घालता येत नाही म्हणून खुर्चीवर, डोळे मिटून, सामना संपेपर्यंत बसतात. जिना त्यांच्या पाठीमागे.

बसाप्पाला जिना दाखवला. तो आधी माझ्याकडे, मग आण्णांच्या पाठीकडे बघत राहिला.

"आण्णास्नी इचारलंय?" कुजबुजत.

"नाही."

"यव्वा! अक्का, मला ह्या पेठेतनं घराकडं जायाचं असतंय."

"जबाबदारी माझी."

"ती तर तुमचीच. पर मारतील मला." मग जरा विचार करून, "असं करा. पयली खुंटी तुमी काढा. मग मी म्हनंन, अक्कानी सुरू केलतं, मी नुसता हात लावला."

मी हातोडा घेतला. पहिली खुंटी निघेना. दोनदा नेम चुकला आणि लाकडावर असा आवाज झाला की सगळी तालीम घुमली. आण्णा हलले नाहीत. बसाप्पा म्हणाला, "ध्यानात हायत, बरं झालं." मलाही तसंच वाटलं.

शेजारच्या घरात कुणीतरी सामना मोठ्याने लावला होता, म्हातारं माणूस असेल. समालोचन भिंतीतून ऐकू येत होतं. मध्यंतरानंतर बुरूज तालमीने गोल केला. आणि मला बरं वाटलं. हे लिहून ठेवलंच पाहिजे. माझा भाचा मैदानात, माझी पेठ, आणि मी हातात पाचर घेऊन मनात म्हणत होते, असंच राहू दे. हरलात तर कुणी वर जाणार नाही. बसाप्पाने कपाळाला हात लावला, मीही लावला, पण माझा खोटा होता.

मग पृथ्वीराजचा गोल झाला. मग टायब्रेकर. जिना सुटा होऊन आम्ही परसात ओढून नेला तेव्हा शेवटची किक व्हायची होती. ती आमच्या गोलकीपरने अडवली. समालोचक ओरडत होता ते शब्दच कळेनात. बसाप्पा नाचला आणि लगेच थांबला, माझ्याकडे बघून.

मी आण्णांसमोर जाऊन उभी राहिले. "आण्णा, मी जिना काढलाय. वर जाता येणार नाही."

त्यांनी डोळे उघडले. "काय झालं मॅचचं?"

"जिंकलो."

"हां," म्हणाले, आणि मारुतीला नमस्कार केला. जिन्याचं त्यांच्यापर्यंत पोचलंच नसावं. पुन्हा सांगायचा धीर झाला नाही.

मिरवणूक आली. साउंडच्या गाडीने खिडक्यांची तावदानं थरथरत होती, मी वर गॅलरीच्या तळाकडे बघत होते. पोरं पृथ्वीला खांद्यावर घेऊन दारातून आत घुसली आणि जिथे जिना असतो तिथे येऊन थांबली. मागचे ढकलत होते, पुढचे थांबलेले.

"आरं, जिना कुठाय?"

"चोरला काय बुरूजवाल्यांनी?"

कुणीतरी हसलंसुद्धा. मग दादाने मला पाहिलं. त्याच्या तोंडाला गुलाल होता, फक्त डोळे दिसत होते. "संयू?"

"मी काढला."

बाहेर साउंड चालूच होता. मग सगळे एकदम. कोण काय म्हणालं ते लिहीत नाही. "घरची असून" एवढे दोन शब्द पुन्हा पुन्हा येत होते. पृथ्वी चषक छातीशी धरून वरच्या रिकाम्या चौकोनाकडे बघत होता.

आणि आण्णा उठले. काठी आपटून ओरडले, "कुनी केलं ह्ये? माझ्या तालमीत? मला न इचारता?" इतका चढा आवाज मी त्यांचा कधी ऐकला नव्हता. मला वाटलं, आता मारतात.

पोरांनी बाहेरून शिडी आणली. तिला टेकवायला जागा तेवढीच, जिन्याच्या तोंडाशी. पण आण्णांनी रागाच्या भरात खुर्ची ओढली आणि नेमकी तिथेच टाकून बसले. "मी हितनं हलनार न्हाय. काय करायचं ते करा."

"आण्णा, जरा सरका, शिडी लावतो."

"मी हलनार न्हाय म्हनलं न्हवं? माझा अपमान झालाय. चषक हितं आन."

पोरं आर्जवं करून थकली. दादानेही हात जोडले. राग इतका, की म्हातारा तासभर जागचा हलला नाही. मिरवणूक पांगेपर्यंत शिडी भिंतीला आडवी पडून. चषक त्यांच्या मांडीवर ठेवला, फोटो निघाले. बाहेरच्या लोकांना काही दिसलं नाही. शेवटी पृथ्वीला रस्त्यातच खांद्यावर उचलला.

गॅलरी रिकामीच राहिली. ती पडली नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

फ्लेक्सवरचा माझा फोटो कुणीतरी ब्लेडने कापून नेला आहे. चौकोनी भोक, त्यातून कठडा दिसतो. मला काही वाटलं नाही असं लिहिणार होते.

२४ एप्रिल, गुरुवार

दादाचा फोन नाही. मी केला तर वहिनीने उचलला, "ते अंघोळीला गेल्यात" म्हणाली. दुपारी तीनला.

पेठेत नवं बोलणं सुरू झालं आहे, बसाप्पाने सांगितलं. "म्हंत्यात, टेकू न्हवते तरी गॅलरी जाग्यावर हाय, मग बाईला कशाचं भ्या?" माझी बाजू काय असणार? पडलं असतं तर दाखवता आलं असतं. जे घडलं नाही ते कुणाला कसं दाखवायचं?

उदयसिंह म्हणतात, "तुझं काम तू केलंस." पण त्यांना फुटबॉल कळत नाही. ते साताऱ्याचे.

सगळ्यात वाईट मला आण्णांचं वाटतं. त्या वयात, विजयाच्या दिवशी, इतका मनस्ताप. माफी मागायला गेले तर म्हणाले, "माती सोमवारी न्ह्यायची. बुट्ट्या सांगून ठेव." एवढंच. अजून राग गेलेला नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

काल माती गेली, आधी टेकू पुन्हा उभे करून. बुट्टी बुट्टी करून शिडीवरून उतरवली, ताडपत्रीवर ढीग केला. एवढी माती वर होती; पेठेतली माणसं एकदा ढिगाकडे, एकदा गॅलरीकडे बघत होती. मूठभर माती पालखीत, बाकी फुलं टाकलेल्या ट्रॉलीत, पुढे हलगी. मी मागे राहिले. कुणी बोलावलं नाही, कुणी जा म्हणालं नाही.

आज गिलावा फोडला. बघायला बरीच मंडळी जमली होती. दादा दाराशी, माझ्याकडे न बघता. पृथ्वी त्याच्यामागे. बसाप्पा एकेक तुळईचं तोंड उघडं करत गेला आणि मी टोचत गेले.

तीन कुजलेल्या. भुसा निघाला. एक सांगता येत नाही अशी. बाकीच्या पाच घंटेसारख्या ठणठणीत; बसाप्पाने हातोडा मारून सगळ्यांना आवाज ऐकवला. "साग हाय, साग," म्हणाला. मला हायसं वाटावं की धास्तावावं तेच कळेना.

आण्णांनी मला हौद्याच्या बाजूला बोलावलं. तिथे दुसरं कुणी नव्हतं.

"खरं सांग. पडली असती का गं?"

मी त्यांना खरं तेच सांगितलं. नक्की सांगता येत नाही. तिघींचं ओझं पाच जणींनी उचललंही असतं. माणसं शांत उभी राहिली असती तर कदाचित काहीच झालं नसतं. नाचली असती, एका बाजूला सरकली असती, तर वेगळं. मी काढलेला जिना कदाचित उगाच काढला असेल, आणि ते मला कधीच कळणार नाही.

आण्णांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मान डोलावली. मग काठी टेकत दारापर्यंत गेले आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असे ओरडले.

"ऐका रं! इंजिनेरीणबाई म्हनत्यात, पडली असती! दुसऱ्या उडीला समदी खाली आली असती, पृथ्वीराज पयला! आता कुनाला बाईबद्दल बोलायचं आसंल तर हितं म्होरं येऊन बोला."

कुणी पुढे आलं नाही. दादा बराच वेळ त्या भुशाच्या ढिगाकडे बघत उभा होता. मग पृथ्वी माझ्यापाशी आला. "आत्ती, चहा घेतीस?" आणि दादानेच टपरीवाल्याला हाक मारली, "आमच्या बहिनीला बिनसाखरेचा."

चहा घेतला. आण्णा आपल्या खुर्चीवर जाऊन बसले होते. खुशीत दिसले, कशामुळे ते कळलं नाही.

पण मी तसं म्हटलं नव्हतं. 'पडली असती' हे शब्द माझ्या तोंडून एकदाही गेले नाहीत, दुसऱ्या उडीचं तर नाहीच. तिथल्या तिथे सांगायला हवं होतं; दादा इतक्या दिवसांनी शेजारी येऊन बसला होता, म्हणून राहून गेलं. उद्या सकाळी सगळे जमतील तेव्हा सर्वांसमोर दुरुस्त करून सांगितलंच पाहिजे.